बादलीतला रंग

मुलांनो, आमच्या शेजारची सून घरीच असते, दोन लहान मुलं सांभाळते. नवरा पांडेसऱ्याला कापड रंगवण्याच्या मिलमध्ये आहे. त्याचा शर्ट भिजवला की बादलीतलं पाणी रंगायचं. हल्ली ते स्वच्छच राहतं. मोरीत ओतण्याआधी ती ते निरखून बघते.

"काकू, डबा तर रोज नेतात. मग रंग कुठे गेला?"

"विचार की त्याला."

"विचारलं आणि खरं सांगितलं तर?"

काल गावाहून सासू आली. तेव्हा त्या शर्टाबरोबर सुनेने स्वतःचा रंग सोडणारा नवा लाल परकर भिजवला. सासूने लालभडक बादली पाहिली आणि लेकाच्या कष्टांचं कौतुक करत मला म्हणाली, "मना पोऱ्या कितला राबस."

सून माझ्याकडेच बघत होती. मी मान डोलावली.