काशीआत्याचे आवळीभोजन

मुंबईकरांनी हिवाळ्यात मुंबईबाहेर कुठे जावे, हे त्यांना सांगण्याचे काम काही वर्षे माझ्याकडे होते. मी राहायला ठाण्यात आणि नोकरीला मुंबईच्या एका मराठी साप्ताहिकात, एवढ्याच पात्रतेवर ते मला मिळाले. थंडी पडली की मी लिहीत असे: ठाण्याची खाडी होडीतून पाहावी, कल्याणला किल्ल्याच्या चढावर ऊन खात बसावे, आणि कार्तिकात कोलशेतला जाऊन आवळीखाली जेवावे. यातले शेवटचे वर्णन विशेष वठले होते. ‘या वृक्षाच्या विस्तीर्ण छायेत पंचवीस पाने सहज मांडता येतील,’ असे मी लिहिले. (पाने मी मांडून पाहिली नव्हती. छाया मात्र विस्तीर्ण होती.)

पुढच्या वर्षी त्रिपुरी पौर्णिमेच्या सकाळी माझी काशीआत्या गिरगावहून आगगाडीने ठाण्यास आली. बरोबर तिचा मुलगा गोविंद होता. नातू देवीच्या आजारातून उठला तेव्हा आत्याने व्रत धरले होते: पाच वर्षे कार्तिकात एक दिवस उपास करायचा आणि आवळीखाली रांधून सूर्यास्ताच्या आत तो सोडायचा. चार वर्षे तिने शेजारच्या वाडीतल्या आवळीखाली पार पाडली. पाचव्या वर्षी वाडीच्या जागी चाळ उभी राहिली. आता आवळीभोजनाचा शेवटचा दिवस उजाडला होता, आणि आत्याच्या पोटात तीर्थाशिवाय काही नव्हते.

“बापू, तुझ्या त्या झाडाखाली माझं उद्यापन करायचं,” ती म्हणाली. “डोक्यावर आवळीची पानं असली की झालं. बाकी मला काही नको.”

बाकी तिला काही नको होते, म्हणून तिने फक्त दोन हंडे, बसायला लाकडी पाट, चूल मांडायला विटा, सरपण, तांदूळ, वांगी आणि वरवंट्यासकट दगडी पाटा बरोबर आणला होता.

“आत्या, पाटा कोलशेतला मिळाला असता,” मी म्हटले.

“परक्या पाट्यावरची चटणी मी उद्यापनाला खाऊ?”

ठाण्याच्या बंदरावर पाटा कोलशेतच्या होडीत चढला. होडी खाली गेली. मग विटा चढल्या, मग माझी पत्नी, मग न्हाऊन सोवळ्यात असलेली आत्या, जिला कोणी शिवायचे नव्हते. म्हणजे तिच्याभोवती एक होडी रिकामी ठेवून बाकीच्यांनी दुसऱ्या होडीत बसायला हवे होते. होडी एकच होती. ही मांडणी जमेपर्यंत भरती निघून गेली. कोलशेतचा किनारा समोर दिसू लागला, झोपड्यांवरचा धूर दिसू लागला, आणि होडी चिखलात बसली.

“आता?” गोविंदने विचारले.

“आता रातच्याला पानी येल, मंग चालल,” होडीवरचा तांडेल म्हणाला आणि त्याने विडी पेटवली.

आत्याने सूर्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. त्या दोघांत सूर्य जास्त बरा दिसत असावा. शेवटी आत्याला लाकडी पाटावर बसवून मी आणि गोविंदने पाट खांद्यावर घेतला. (लाकडातून विटाळ पोचतो की नाही यावर एरवी बराच वाद होतो. आत्याने त्या दिवशी पोचत नाही असा निकाल दिला.) मी दर पावलाला गुडघ्यापर्यंत रुतत होतो. गोविंद माझ्यापेक्षा बुटका. त्यामुळे आत्या सारखी त्याच्या बाजूला घसरत होती.

“अरे, सरळ धरा. मी काय ताकाचं मडकं आहे?”

“आई, मडकं बोलत नाही,” गोविंद खालून म्हणाला. त्याला एक धपाटा मिळणार होता, पण सोवळ्याने तो वाचला.

मागून तांडेल पाटा-वरवंटा घेऊन आला. तो आमच्याआधी पोचला, आणि विटा-सरपणाची दुसरी खेपही करून आला.

माझी आवळी गावाबाहेर एका शेताच्या बांधावर होती. बांध जागेवर होता. बांधावर चटई अंथरून एक कुटुंब बसले होते: काळा कोट घातलेले गृहस्थ, त्यांची पत्नी आणि पत्नीची आई. तिघेही एका बुंध्याकडे पाहत होते. बुंधा माझ्या घोट्याएवढा उंच होता आणि त्याच्या वर झाड नव्हते.

“तुम्हीही वाचून आलात?” गृहस्थांनी विचारले. ते कल्याणच्या कचेरीत कारकून होते. मजकूर त्यांना पाठ होता. “‘विस्तीर्ण छायेत पंचवीस पाने.’ आम्ही तीनच माणसं. उन्हात बसलोय.”

शेताचा मालक जोमा पाटील शेजारी उभा होता. झाड कुठे गेले, असे मी जरा दुरून, परक्याच्या आवाजात विचारले.

“होलीन घातली,” तो म्हणाला.

“फळतं झाड होळीत घातलंत?”

“मंग काय करू? कोनीतरी पेपरान लिवला, आन् सगली मुंबय माझ्या वालावर नाचली. येक शेंग गावली नाय मना. त्यो लिवनारा येकदा गावला पायजे.”

“आम्हालाही,” कल्याणचे गृहस्थ म्हणाले.

मी क्षितिजाकडे पाहिले. बातमीदाराला हे जमावे लागते.

“हाच तो,” काशीआत्या अभिमानाने म्हणाली. “माझा सख्खा भाचा.”

कल्याणचे गृहस्थ चटईवरून उठले, आणि जोमा दोन पावले जवळ आला.

दुसरी आवळी कुठे आहे, असे गोविंदने विचारले. येऊरच्या डोंगरात पुष्कळ आहेत, असे जोमा म्हणाला आणि त्याने डोंगर दाखवला. डोंगर सुंदर दिसत होता, आणि सूर्य त्याच्याकडेच निघाला होता. आत्या पाटावर बसली. पदराच्या टोकाशी चाळा करत ती बुंध्याकडे पाहत राहिली.

“पोरगं जगलं,” ती हळूच म्हणाली, “आणि माझ्याच्यानं एक जेवण होईना.”

तेव्हा माझी पत्नी, जिने घरून निघाल्यापासून मला एकही शब्द ऐकवला नव्हता (ते ती रात्रीसाठी राखून ठेवत असे), बुंध्याजवळ गेली आणि वाकली. होळीनंतर बुंध्याला धुमारे फुटले होते. कमरेएवढे, हिरवेगार, बारीक पानांनी भरलेले, बांधाच्या बाहेर झुकलेले.

“ही आवळीच ना?” तिने जोमाला विचारले.

“आवलीच. मरत नाय ती.”

“मग आवळी उंच करता येणार नाही. पण आत्याबाईंना खाली नेता येईल.” मग माझ्याकडे वळून ती म्हणाली, “अहो, फावडं घ्या.”

जोमाने फावडे इतक्या आनंदाने आणून दिले की मला संशय यायला हवा होता. तो स्वतः बांधावर उकिडवा बसला. गोविंदने मदत करू का विचारले, तेव्हा कल्याणचे गृहस्थ म्हणाले, “नको. लेखकांनाच खणू द्या.” माझ्या आयुष्यात मला लेखक असे प्रथमच म्हटले गेले, आणि तेव्हा मी गुडघाभर खड्ड्यात होतो.

वर बायकांनी चूल पेटवली. आत्याच्या विटा, आत्याचे सरपण, आत्याचा पाटा. एका हाती वरवंटा फिरवत ती मला सूचना देत होती.

“पायरी ठेव रे उतरायला. आणि भिंत नीट तास. शेणखड्डा नाही खणायचा.”

“आजून खोल,” जोमा म्हणाला. “आवली डोक्याला लागते, पन बाय वाकून जेवल कशी?”

“विस्तीर्ण करा,” कल्याणची सासू म्हणाली. “आम्हालाही बसायचंय.”

सूर्य डोंगरावर टेकला तेव्हा खिचडी झाली, भरीत झाले, चटणी झाली आणि माझ्या हाताला फोडही झाले. आत्या पायरीवरून खाली उतरली आणि पाटावर बसली. जमिनीच्या वर तिचे फक्त डोके होते, आणि डोक्यावर, अगदी पांढऱ्या केसांना टेकून, आवळीची पाने. पत्नीने काठावरून पान वाढले. आम्ही सगळे भोवती उभे राहून खाली पाहत होतो. आत्याने पहिला घास उचलला आणि वाऱ्याची एक झुळूक आली. दोन बारीक पाने खाली आली. एक तिच्या कपाळावर बसले, दुसरे खिचडीत.

ती घास धरून थांबली. उद्यापन बिघडले, असे मला वाटले.

“चार वर्षं मोठ्या झाडाखाली बसले,” आत्या म्हणाली. “एक पान पडलं नाही अंगावर. ही बघ, हिनं डोक्यावर हात ठेवला.” आणि तिने ते पान खिचडीसकट खाल्ले.

त्यानंतर कल्याणची सासू उतरली, मग तिची मुलगी, मग माझी पत्नी. मग जोमाची बायको घरून भाकरी घेऊन आली आणि म्हणाली, “जागा आमची, आमी नाय बसू काय?” तीही बसली. जोमा सर्वांत शेवटी उतरला आणि सर्वांत जास्त वेळ बसला. मी वर उभ्याने जेवलो. खणणाऱ्याने आत बसण्याची चाल नाही, असे मला सांगण्यात आले. भरती आली तेव्हा चंद्र इतका स्वच्छ होता की परतीच्या होडीत आत्या सगळा वेळ गात होती, आणि गोविंद वरवंटा मांडीवर घेऊन ताल धरत होता.

आत्याने गिरगावात काय सांगितले, ते मला पुढच्या कार्तिकात कळले. कोलशेतला एक निराळीच आवळी आहे, जिच्या पायाशी उतरून जेवले की ती आपणहून डोक्यावर हात ठेवते. बायका होडी करून येऊ लागल्या. जोमाने बांधाला कुंपण घातले, वाल दुसऱ्या बाजूला लावला आणि मला निरोप धाडला की पावसाने खड्डा बुजलाय, येऊन नीट करून जा.

मी गेलो. दर वर्षी जात राहिलो. नोकरी सुटेपर्यंत मी साप्ताहिकात शेकडो रकाने भरले, त्यातला एकही कोणाच्या लक्षात नाही. माझ्या हातचे जे एकच काम पाहायला लोक मुंबईहून होडी करून आले, ते भरण्याचे नव्हते.