कातडीपुरता निळा

काकूंच्या हातात कुठलीही वस्तू द्या, त्या आधी ती उजेडाकडे धरणार. तुरीची डाळ असो, नव्या चष्म्याची काच असो. लेकीनं पसंत केलेल्या मुलाचा फोटोसुद्धा त्यांनी खिडकीशी नेऊन तिरका धरून पाहिला होता. लेक म्हणाली, "आई, तो माणूस आहे, माणिक नाही." काकू म्हणाल्या, "म्हणूनच जास्त बघायला हवं."

त्यांचं कामच तसं होतं. सराफांच्या गल्लीत, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर खडे तपासून देणारी एक खोली होती. मोठी खिडकी, खिडकीखाली टेबल, टेबलावर पांढरा कागद, चिमटा आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग. तिथं काकू सव्वीस वर्षं बसत होत्या. व्यापारी कागदाच्या पुड्यांतून खडे आणायचे आणि काकू सांगायच्या, हा खाणीतला, हा कारखान्यातला, ह्याच्या भेगांत काच भरलीय. भीडभाड हा शब्द त्यांच्या कोशातच नव्हता. एक व्यापारी म्हणायचा, "काकूंना लाच तरी कशी द्यायची? दागिना द्यावा तर आधी त्यालाच भिंग लावतील!"

गंमत म्हणजे काकूंच्या स्वतःच्या बोटात काही नव्हतं. लग्नात नवऱ्यानं "अंगठी पुढच्या वर्षी" म्हटलं होतं, आणि ते पुढचं वर्ष तीस वर्षं पुढेच सरकत राहिलं होतं. काकूंची तक्रार नव्हती. दिवसभर दुसऱ्यांचे खडे बघून संध्याकाळी त्यांना दगडाचं नावही नको वाटायचं.

नवरा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. सगळे त्याला पेंटरकाका म्हणत. नखांत कायम कुठला ना कुठला रंग, कानामागे ब्रश आणि तोंडात सतत रंगाच्याच गोष्टी. भाजी कशी झाली विचारलं तर म्हणायचा, "हळद सुरेख उतरलीय."

एका दुपारी पेंटरकाका धापा टाकत दुसऱ्या मजल्यावर आले.

"ऊठ. भिंग घे आणि चल."

"अहो, काम चाललंय माझं."

"तीस वर्षांचं काम अडलंय त्याचं काय? एक अंगठी बघितलीय. तुला न सांगताच आणणार होतो. पण तुझ्यासाठी तुला न विचारता खडा घ्यायचा म्हणजे माशाला पोहायला शिकवण्यातली गत."

गल्लीच्या तोंडाशी एक मोठं दुकान नव्यानं सजत होतं. त्याची पाटी पेंटरकाका रंगवत होते. शिडीवर चढता-उतरता आठ दिवस काचेआडची ती अंगठी त्यांना दिसत होती. नुकतंच त्यांना एका शाळेच्या सगळ्या भिंती रंगवायचं काम मिळालं होतं, वर्षाची कमाई एकदम हातात आली होती, आणि तेव्हापासून त्या अंगठीनं त्यांची झोप उडवली होती.

दुकानात पाय रुतेल असा गालिचा. मालकीणबाई तिशीतल्या, वडिलांच्या मागून गादीवर बसलेल्या, बोलायला गोड. त्यांनी मखमली खणातून अंगठी काढून समोर ठेवली.

"बघ," पेंटरकाका कुजबुजले. "हा निळा! किती वर्षं डब्यात कालवून बघतोय मी. एकतर जांभळ्यात जातो, नाहीतर काळपट पडतो. इथे कसा नेमका आलाय बघ!"

काकूंनी आधी किमतीची चिठ्ठी उलटून पाहिली. शाळेच्या सगळ्या भिंती त्या एका चिठ्ठीत मावत होत्या. मग त्यांनी भिंग डोळ्याला लावलं.

नीलम खाणीतलाच होता. आतल्या बारीक रेघा तुटून त्यांचे ठिपके झाले होते.

"भाजलेला आहे," त्या म्हणाल्या.

मालकीणबाईंचा चेहरा उतरला. पेंटरकाकांचा त्याहून जास्त.

"अहो, घाबरू नका. भाजणं म्हणजे लबाडी नव्हे. बाजारातले बहुतेक नीलम भट्टीतूनच येतात. शेंगदाणा भाजला म्हणून तो काही खोटा होत नाही." त्यांनी अंगठी कलती केली, पुन्हा केली, आणि कपाळाला आठी पडली. "मला जरा एक ग्लास पाणी मिळेल का?"

"हो, हो, अवश्य!" मालकीणबाईंनी खूण केली. तबकातून, जाळीच्या रुमालानं झाकलेला, थंडगार पाण्याचा ग्लास आला. काकूंनी रुमाल बाजूला ठेवला, "थँक्यू" म्हटलं आणि अंगठी टुपकन ग्लासात टाकली.

तबक धरलेल्या बाईंच्या तोंडून "अगंबाई!" निघून गेलं.

काकूंनी ग्लास टेबलावरच्या एका पांढऱ्या कागदावर ठेवला आणि वरून वाकून पाहिलं. पाण्यात खड्याची चमक विझली आणि त्याचा खरा रंग उघडा पडला. पैलूंच्या कडा गडद निळ्या, जणू कुणी बारीक लेखणीनं गिरवलेल्या. मधला भाग मात्र फिका, पाणचट.

काकू बराच वेळ वाकून राहिल्या. बघून झालं होतं, पण मान वर केली की नवऱ्याचा चेहरा दिसणार होता. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांना वाटलं, आपल्याला हे दिसलंच नसतं तर? अळीमिळी गुपचिळी करून 'छान आहे' म्हणावं, घालावी बोटात. कोण विचारतंय? पण मग रोज सकाळी ती अंगठी बघून विचारणारी एक बाई घरातच होती, त्या स्वतःच. ती काही गप्प बसली नसती.

"अहो," त्या म्हणाल्या, "ह्याचा रंग कातडीपुरता आहे."

"म्हणजे?"

"मूळचा फिका खडा. त्याला बाहेरून एका धातूची भुकटी लावून दिवसच्या दिवस भट्टीत ठेवलाय. रंग वरच्या वरच मुरला. धुतला तरी जाणार नाही, जन्मभर टिकेल. पण घासून पुन्हा पैलू पाडले तर निळा निघून जाईल."

मालकीणबाईंनी घाईनं खणातला कागद काढला. "पण काकू, ह्यावर नैसर्गिक नीलम लिहिलंय."

"खोटं नाही लिहिलेलं. अर्धंच लिहिलंय."

मालकीणबाई स्वतः उठून ग्लासापाशी आल्या, वाकल्या. त्यांनाही त्या रेघा दिसल्या. "मला देणाऱ्यानं हे सांगितलं नव्हतं," त्या हळूच म्हणाल्या. "आणि मी विचारलंही नाही. मग ह्याची किंमत काय धरायची?"

"चिठ्ठीवर आहे तिचा विसावा हिस्सा. सोन्याचे वेगळे."

पेंटरकाकांनी कानामागचा ब्रश काढला, त्याच्याकडे पाहिलं, ग्लासाकडे पाहिलं. आणि पेंटरकाका हसायला लागले. आधी गालात, मग पोट धरून.

"म्हणजे रंगवलाय! अगं, दगडाला हात मारलाय कुणीतरी! एकच हात, आणि जन्मभर टिकणारा! मी पाट्यांना तीन-तीन हात मारतो आणि दुसऱ्या वर्षी पापुद्रे निघतात. कोण आहे हा माणूस? भेटायला पाहिजे त्याला."

"अहो, फसवणूक झाली असती आपली."

"किमतीत झाली असती. रंगात नाही." हसता हसता ते थांबले. "पण मला एक सांग. तुला आवडला का?"

काकू गोंधळल्या. हजारो खडे डोळ्यांखालून गेले होते. खरा की खोटा, कुठला, कसला, हे सगळ्यांनी विचारलं होतं. आवडला का, असं कुणीच विचारलं नव्हतं. त्यांनी अंगठी पाण्यातून काढली, जाळीच्या रुमालानं पुसली, भिंग टेबलावरच ठेवलं आणि दारापाशी उन्हात गेल्या. बोटात घालून हात लांब धरला. दुरून डोंगर साजरे म्हणतात, पण हा जवळूनही साजराच होता. आत काय आहे ते पुरतं ठाऊक असून वरचा निळा डोळ्यांत मावत नव्हता.

"आवडला," त्या म्हणाल्या. मग स्वतःशीच म्हटल्यासारखं, "फार आवडला हो."

मालकीणबाईंनी बिलाचं पुस्तक ओढलं. "तुम्ही सांगाल ती किंमत, काकू."

"किंमत सांगितलीच आहे. पण त्यावर पूर्ण लिहा. नैसर्गिक नीलम, रंग भट्टीत बाहेरून चढवलेला."

"असं लिहिलं तर घेणार कोण?"

"मी घेतेय की!"

मालकीणबाईंना हसू आवरेना. त्यांनी लिहिलं, सही केली, आणि उरलेले निळे खडे पुढच्या आठवड्यात काकूंच्या खोलीत तपासायला पाठवते म्हणाल्या. पाठवलेही. काकूंनी त्यातल्या चारांवर खूण केली, आणि त्या चारांच्या चिठ्ठ्या बदलल्या गेल्या.

अंगठी घेतली त्याच संध्याकाळी नणंद आली. तिची नजर आधी बोटावर. "वहिनी, अगंबाई! खरा आहे का?"

"दगड खरा, रंग चढवलेला," काकूंनी सांगून टाकलं, किंमतही सांगितली.

नणंदेला नवल वाटलं. लोक असल्या गोष्टी झाकतात, ही बाई डोळे मिचकावत सांगतेय! तिनं अंगठी पुन्हा एकदा निरखली आणि म्हणाली, "मग माझ्यासाठी हिरव्यात मिळेल का गं असं काही?"

शाळेच्या भिंतींचे बरेचसे पैसे वाचलेच होते. पेंटरकाकांनी त्यातून चार दिवस समुद्रावर जायचं ठरवलं आणि नणंदेलाही बरोबर घेतलं. तिथं पहिल्याच सकाळी काकू गुडघाभर पाण्यात शिरल्या. अंगठी निसटेल म्हणून एक हात डोक्याच्या वर, मूठ घट्ट, आणि दुसऱ्या हातानं किंचाळणाऱ्या नणंदेला ओढत. लाट आली तशा दोघी धप्पकन बसल्या. हात मात्र वरच होता.

"अगं, हसतेस काय? ऊठ!" पेंटरकाका काठावरून ओरडले.

"उठायला हात लागतो हो!" काकू ओरडल्या, आणि पुढची लाट तोंडावर घेत पुन्हा हसत सुटल्या.