देवाला माघारी पाठवणारी ओळ

ब्लेड माझ्या हातात होतं. टेप खाचेत बसवून झाली होती आणि साहेब माझ्या खांद्यामागे उभे राहून घड्याळ बघत होते. दुपारचे साडेतीन. सहाच्या गाडीने मिरजेहून पार्सल निघालं नाही, तर ते दिल्लीत वेळेवर पोचणार नव्हतं.

"भिडे, कापा की. मुहूर्त बघताय काय?"

सत्तरच्या दशकात मी सांगलीत रेडिओ केंद्रावर रेकॉर्डिस्ट होतो. तेव्हा आवाज टेपवर असायचा आणि टेप म्हणजे पाव इंच रुंदीची तपकिरी फीत. आमच्या मशिनवर ती सेकंदाला पंधरा इंच पळायची. नको असलेला आवाज काढायचा म्हणजे फीत ब्लेडने तिरकी कापायची, तुकडा टाकून द्यायचा, उरलेली टोकं चिकटपट्टीने जोडायची. याला आम्ही ऐटीत एडिटिंग म्हणत असू. साहेबांना एक मिनिट दहा सेकंद काढून हवे होते. म्हणजे साडेसत्त्याऐंशी फूट. तेही शेवटचे.

प्रकरण असं होतं. युरोपातल्या एका देशाने लोकगीतांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा ठेवली होती. प्रत्येक देशाने एकच गाणं पाठवायचं. आपल्या देशाचं गाणं दिल्ली निवडणार होती आणि त्यासाठी सगळ्या केंद्रांकडून एकेक गाणं मागवलं होतं. अटी दोनच. गाणं अस्सल लोकगीत हवं आणि साडेतीन मिनिटांच्या आत हवं.

साहेबांनी लगेच पाच जणांची निवड समिती नेमली. एका साखर कारखान्याचे चेअरमन, एक प्राचार्य, एक वकील आणि आणखी दोन प्रतिष्ठित. समितीच्या तीन बैठका झाल्या. पहिल्या बैठकीत लोकगीत म्हणजे काय यावर चर्चा झाली. दुसरीत चिवडा चांगला होता. तिसरीत चेअरमनसाहेबांच्या पुतणीचं भावगीत निवडलं गेलं, अकरा वाद्यांसह. मुदतीला चार दिवस उरले असताना साहेबांनी परिपत्रक पुन्हा वाचलं आणि मला केबिनमध्ये बोलावलं. "भिडे, एखादं अस्सल काहीतरी शोधा हो."

अस्सल शोधायला लांब जावं लागलं नाही. माण तालुक्यातले मेंढपाळ दरवर्षी कळप घेऊन कृष्णाकाठी उतरतात. ऊस तुटलेल्या रानात मेंढरं बसतात, शेताला खत मिळतं. त्यातल्या म्हाकूआबांची ओवी मी एकदा रस्त्यावरून जाताना ऐकली होती आणि सायकलवरून उतरलो होतो.

पार्सल जायच्या दिवशी सकाळी आबा आले. सोबत त्यांचे साडू धुळा. आबा ओळ टाकणार, धुळा ती उचलणार, अशी ही गाण्याची रीत. पण स्टुडिओत आबांचा आवाज लागेना. आमच्या भिंती आवाज परत येऊ नये म्हणून मुद्दाम मऊ केलेल्या. आबा म्हणाले, "सायब, हितं वरडलेलं कुटं जातंय? माघारी काय येत न्हाई." मग मी केबल ओढून माइक बाहेर पोर्चमध्ये नेला. तिथे आबांनी कानावर हात ठेवला आणि बिरोबाला हाक मारली. मी बरंच रेकॉर्डिंग केलं आहे. तसा आवाज पुन्हा मिळाला नाही.

गाण्याआधी आबांनी माइकला भंडारा लावला, मग मशिनला, मग माझ्या कपाळाला.

"सायब, एक सांगतो. पयल्या वळीत आमी देवाला बोलावतो. शेवटच्या वळीत त्येला माघारी लावून देतो. मधीच तोडायचं न्हाई. तोडलं तर द्येव तितंच हुबा ऱ्हातो."

"नाही तोडणार," मी म्हणालो. असा शब्द देऊन टाकायला काही लागत नाही.

ओवी भरली चार मिनिटं चाळीस सेकंद.

आणि आता साहेब म्हणत होते, शेवट कापा.

"साहेब, मी त्यांना शब्द दिलाय."

"शब्द? तुमची नोकरी अजून कायम झाली नाही ना, भिडे?"

"नाही."

"मग शब्द जपून द्यावेत. शेवटी नुसती गावांची आणि देवांची नावं आहेत. परदेशात कोण विचारतंय? आणि त्या म्हाताऱ्याला काय कळणार आहे? चहा पाजा आणि पाठवून द्या."

म्हाताऱ्याला कळणार होतं. स्वतःचा आवाज पेटीतून ऐकायचा म्हणून दोघं सकाळपासून व्हरांड्यात बसून होते. मीच त्यांना बसवलं होतं. मधलंच कापावं का, हेही मी पाहिलं. मध्ये लांडग्याची गोष्ट होती. कापलं असतं तर मेंढरू लांडग्याच्या तोंडातच राहिलं असतं. साहेबांच्या हातात माझा गोपनीय अहवाल होता आणि माझ्या कपाळावर भंडारा. मी ब्लेड खाली ठेवलं.

"पाच मिनिटं द्या साहेब."

"चारच आहेत."

व्हरांड्यात जाऊन मी खरं ते सांगितलं. ओवी लांब आहे. ती कापायचा हुकूम आहे.

आबांच्या आधी धुळाच बोलले. "म्या म्हनलं हुतं, पेटीत घालू नगा."

"गप रं," आबा म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "किती पायजे?"

साडेतीन मिनिटं आबांना कशी सांगायची? हातात घड्याळ नव्हतं त्यांच्या. मी म्हणालो, "अर्धी बिडी ओढून होईल एवढं."

आबांनी खिशातली बिडी काढली, निरखली, परत ठेवली.

"मग वाटंची म्हनतो की."

"वाटेची?"

"कळप सडकंवरनं न्यायचा आसला की मोटारी येत्यात. तवा लांब ओवी कोन म्हननार? आमच्या म्हाताऱ्यांनी वाटंसाठी बारकी करून ठेवलीया. देवाला बोलवायचं, मेंढरं संबाळ म्हनायचं, माघारी लावून द्यायचं. सगळं हाय तिच्यात."

"अहो आबा, हे सकाळी का नाही सांगितलं?"

"तुमी इचारलं कवा? म्हना म्हनला, आमी म्हनलं."

मी पळतच माइक पुन्हा पोर्चमध्ये नेला. पावणेचार वाजले होते. शिपाई सायकल काढून फाटकाशी उभा. एकच टेक मिळणार होता. म्हणजे जे भरेल ते भरेल, दुसऱ्यांदा म्हणायला वेळ नाही. आबांनी कानावर हात ठेवला. साहेब दारात, मी मशिनवर. शेवटच्या ओळीला धुळांनी आवाज उचलला आणि त्याच वेळी कोपऱ्यावरून एसटी वळली. सगळे ड्रायव्हर तिथे हॉर्न देत. मी डोळे मिटले.

हॉर्न वाजला नाही. ड्रायव्हर खिडकीतून बाहेर वाकून ओवी ऐकत होता.

तीन मिनिटं पाच सेकंद. ब्लेड लागलंच नाही. आबांना एकदा ऐकवून टेप डब्यात घातली. ऐकताना आबा म्हणाले, "मी आसा बारीक बोलतो व्हय?" धुळा म्हणाले, "घरात आनखी बारीक बोलतोस."

दिल्लीने आमचीच ओवी निवडली. हे श्रेय निवड समितीचं, असं साहेबांनी वार्ताहरांना सांगितलं. ज्या दिवशी ती तिकडून प्रसारित होणार होती, त्या सकाळी समिती साहेबांच्या केबिनमध्ये जमली. चेअरमनसाहेबांनी हार आणला होता, पण तो कुणाला घालायचा हे ठरेना. शेवटी रेडिओवर ठेवला. खरखरीतून आबांचा आवाज आला. साहेबांनी डोळे मिटून मान डोलवायला सुरुवात केली. आणि शेवटच्या ओळीच्या सुरुवातीलाच तिकडची निवेदिका बोलू लागली. आपल्या देशाचं नाव घेतलं, आभार मानले, पुढचं गाणं सुरू केलं. शेवटची ओळ तिच्या आवाजाखाली गेली. केबिनमध्ये टाळ्या वाजल्या. मी वाजवल्या नाहीत, हे साहेबांनी पाहिलं.

स्पर्धेत बक्षीस मिळालं नाही. प्रमाणपत्र मिळालं, केंद्राच्या नावाने.

पुढच्या हंगामात आबा कळपासह परत आले. मी रानात भेटायला गेलो.

"पोचला का आमचा द्येव?"

मला खोटं सांगता आलं असतं. सोपं होतं. पण मी सांगितलं. शेवटच्या ओळीवर तिकडची बाई बोलली.

धुळांनी कपाळावर हात मारला. "म्हंजी वर्सभर त्यो तितंच हुबा हाय! आन तिकडं लय थंडी आसती म्हनं. घोंगडं तरी द्यायचं हुतं गड्या बरुबर!"

आबा हसले नाहीत. उठून उभे राहिले. "तिकडं म्हंजी कुटल्या अंगाला?"

मी मावळतीकडे हात केला. आबांनी तिकडे तोंड करून कानावर हात ठेवला आणि फक्त शेवटची ओळ म्हटली. धुळांनी उचलली. मेंढरांनी माना वर केल्या आणि परत खाली घातल्या.

"झालं," आबा बसत म्हणाले. "वाट लांबची हाय. यील दमानं."

माझी नोकरी यथावकाश कायम झाली. त्यानंतर ओवीच्या प्रत्येक डब्यावर मी लाल पेन्सिलीने लिहीत आलो, "शेवटच्या ओळीवर बोलू नये." सूचना परिपत्रकाच्या मानाने फारच छोटी होती, म्हणून बहुधा कुणी वाचली नाही. दुसरी एक गोष्ट मात्र मला कायमची कळली. गाणं किती लांब असावं यावर समिती नेमण्याआधी एकदा गाणाऱ्याला विचारावं. त्याला चिवडाही लागत नाही.