एका मल्लखांबाच्या बदल्यात

इंदूर स्टेशनवर उतरलो तेव्हाच पाठ धरली होती. पुण्याहून येताना रात्रभर डोळा लागला नव्हता. पाडलेल्या इमारतींमधले जुने सागवानी खांब आणि तुळया घेऊन परदेशी पाठवणं हा आमच्या कंपनीचा धंदा. या कामात इतकी वर्षं गेली की नव्या गावाचं कौतुकही आता वाटत नाही. या वेळी बेल्जियममधल्या एका हॉटेलवाल्याला धारच्या एका तालमीचे खांब फोटोवरून पसंत पडले होते. ते ताब्यात घ्यायचे, देवासच्या वखारीत पोहोचवायचे आणि परत फिरायचं, एवढंच काम.

स्टेशनबाहेर पोहे खाल्ले. इकडे पोह्यांवर शेव आणि जिरावण (जिऱ्याचा आंबटतिखट मसाला) घालतात. भाड्याच्या गाडीचा ड्रायव्हर मुकेश म्हणाला, "भिया, एसी तो खराब है, काच उघडी ठेवा." पीथमपूरचे कारखाने मागे पडले आणि पुढे नांगरून ठेवलेली काळी शेतं लागली. तिथून धारपर्यंत गरम वारा तोंडावर घेत मी नुसता बसून राहिलो.

तालमीचं छप्पर आधीच उतरवलं होतं. खांब आणि तुळया अंगणात रचल्या होत्या, शेजारी आमचा ट्रक उभा होता. मधल्या मातीच्या हौद्यात मात्र एक खांब अजून ताठ होता. काळा, गुळगुळीत, वर बारीक मान आणि तिच्यावर बोंड. त्याच्याजवळ पन्नाशीच्या एक बाई उभ्या होत्या. त्या कुंदाताई, मुलींना मल्लखांब शिकवणाऱ्या.

"मी आपल्याला किती फोन लावले, आपण उचललेच नाहीत," त्या म्हणाल्या. "बाकी सगळं न्या. पण हा काही घराचा खांब नाही, साहेब. यावर मुली खेळून राहिल्या आहेत."

मी मोबाइलवरचा फोटो पाहिला. मधोमध तोच होता, आणि बेल्जियमच्या गृहस्थाने खूण त्याच्यावरच केली होती. ऑफिसला फोन केला. मालक म्हणाले, "तो नसेल तर त्याला काहीच नको आहे. साधे खांब त्याला कुठेही मिळतात."

कुंदाताईंना मी हे जसंच्या तसं सांगितलं. "तुम्ही नको म्हणालात तर रिकामा ट्रक घेऊन जातो," असंही म्हणालो. त्यात मोठेपणा काही नव्हता. भांडायचं त्राणच उरलं नव्हतं.

"आणि मग हॉल?" त्यांनी विचारलं.

लाकडाच्या विक्रीतूनच पक्का हॉल बांधायचं विश्वस्तांनी ठरवलं होतं. मागच्या पावसाळ्यात कौलं कोसळली आणि पाऊस सरेपर्यंत वर्ग बंद राहिला. कुंदाताई हौद्याच्या कडेला बसल्या. "पावसाळाभर मुली घरी बसतात ना, त्या मग परत येत नाहीत. दोघींची तर लग्नंच लावून टाकली. या खांबावर मला आमच्या आबांनी शिकवलं. पण खांब राहिला आणि मुली गेल्या, तर याचं मी काय करू?"

थोड्या वेळाने त्यांनी मान वर केली. "देवासला बाहेरदेशचं सागवान येतं म्हणतात."

"येतं. आफ्रिकेतून."

"मग मीही येते. याच्या बदल्यात एक ओंडका मला द्या. त्याशिवाय हा जायचा नाही."

मी हो म्हणालो. तसं कबूल करायचा मला अधिकार नव्हता.

खांब खणून काढायला दुपार झाली. आधी मुलींनी त्याला हात लावून नमस्कार केला. तो आडवा झाला तेव्हा कुंदाताई तिथे नव्हत्या. घरून डबा घेऊन आल्या: डाळ आणि बाफले (उकडून मग भाजलेले कणकेचे गोळे). लिंबाखाली आम्ही जेवलो. त्यांनी मला आग्रहाने वाढलं, स्वतः जेमतेम खाल्लं.

इंदूरच्या बायपासवर ट्रकचा दोर ढिला झाला आणि खांब सरकले. रस्त्याच्या कडेला थांबून पुन्हा बांधाबांध केली. माझ्या तळहाताची साल निघाली. कुंदाताईंनी डब्याखालची सतरंजी मल्लखांबाच्या मानेला गुंडाळली. "इथून मोडला तर तुमचाही नाही आणि आमचाही नाही," त्या म्हणाल्या.

देवासची टेकडी दिसली तेव्हा उन्हं कलली होती. वखारीचा मालक अनिल. त्याचे वडील कारखान्यातल्या नोकरीसाठी साताऱ्याहून इकडे आलेले. "मावशी, मराठी बोलता येते मला, फक्त वाचायला जमत नाही," त्याने हसत सांगितलं. घानाहून आलेले ओंडके आवारात पडले होते, टोकांवर लाल रंगाच्या खुणा.

कुंदाताईंनी पदर खोचला आणि त्या एकेका ओंडक्यावर मांड ठोकून बसू लागल्या. मांड्यांनी आवळायच्या, दोन्ही हातांनी कवळायच्या, उठायच्या, पुढच्याकडे जायच्या. मजूर आधी हसले, मग काम सोडून बघू लागले. शेवटी एका ओंडक्यावरून त्या उठेचनात. "हा," त्या म्हणाल्या.

अनिल अवघडला. "मावशी, हा तर इंदूरवाल्या पार्टीचा माल आहे."

"त्यांना दुसरा दे," मी म्हणालो. "हा ताईंना दिल्याशिवाय आमचे खांब ट्रकवरून खाली उतरणार नाहीत." हे शब्द माझ्या तोंडून निघाल्याचं मलाच नवल वाटलं. मालकांना फोन लावला. "देऊन टाक, पैसे आपण भरू," ते म्हणाले, "पण पुढच्या खेपेला आधी विचार." अनिलने तो ओंडका खरादवर (लाकूड कातायच्या यंत्रावर) कातून धारला पोहोचवायचंही कबूल केलं.

जुन्या मल्लखांबाच्या बोंडावर आमच्या माणसाने नंबर लिहिला. आता कीड मारायची धुरी, मग कंटेनर, मग मुंद्रा बंदर. कुंदाताईंनी सतरंजी सोडून घेतली, घडी केली आणि धारला परतणाऱ्या ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी जाऊन बसल्या. मी इंदूरला येऊन पुण्याची गाडी पकडली. पुण्याला पोहोचेपर्यंत झोपलो.

पावसाळा सरल्यावर त्यांचा फोन आला. हॉलचा स्लॅब टाकून झाला होता, नवा खांब रोवला होता.

"मुली चढतात का?"

"चढतात आणि घसरतात. तेल मुरायला दोन-तीन वर्षं जातील त्याला. पण रोज येतात." मग त्यांनी विचारलं, "आपला तिकडे कसा आहे?"

इतकी वर्षं मी लाकूड परदेशी पाठवतो आहे. तिकडे त्याचं काय होतं, हे मला आजवर कोणी विचारलं नव्हतं.

"नीट आहे. उभाच आहे," मी म्हणालो.

"उभा आहे ना? मग झालं. फोटो आहे का हो?"

फोटो होता, आठवड्यापूर्वीच आलेला. हॉटेलच्या दारात मल्लखांब उभा होता. लोकांचे कोट अडकवायला त्याच्यात वरपासून खालपर्यंत पितळी खुंट्या ठोकल्या होत्या.

"नाही," मी म्हणालो.