अध्यक्षस्थानी अप्पा

ओल्या खळीचा वास मला अजून सोसवत नाही. वाचनालयाच्या जांभ्या भिंतीवर नवा कागद डकवला की उन्हाने ती खळ तापते आणि तिचा उबट, आंबूस दर्प रस्ताभर रेंगाळत राहतो. आज सकाळी शाळेत शिकवायला जाताना तो आला, आणि मान वर करण्याआधीच मला कळले की वसंत-व्याख्यानांची जाहिरात लागली आहे. मुंबईहून विद्यापीठाचे पंडित येणार, शास्त्रावर बोलणार, अर्थकारणावर बोलणार, आणि शेवटच्या दिवशी ‘मॅट्रिकनंतर पुढे काय?’ याचे मार्गदर्शन करणार. सर्वांत खाली नेहमीची ओळ होती, ‘स्त्रियांची बसण्याची स्वतंत्र सोय केली आहे.’ सोय खरोखरच उत्तम असते. मागे भिंतीशी जाजम अंथरलेले असते.

आमच्या रत्नागिरीला व्याख्यानांचे भारी वेड. ज्ञान इथे आगबोटीने येते, हार घालून घेते, फराळ करते आणि आगबोटीनेच परत जाते. त्याच्या या मुक्कामात अध्यक्षस्थानी कोणी बसावे, हा प्रश्न माझ्या लहानपणी कधी पडलाच नाही, कारण ती खुर्ची माझ्या वडिलांची होती. अप्पा वकील, वाणी रसाळ, उपरणे शुभ्र, आणि समारोपाचे भाषण असे की मूळ वक्त्याला आपले विचार नव्याने उमगावेत. त्या भाषणांचा मला अभिमान वाटे. अक्का मॅट्रिक झाली त्या वर्षापर्यंत वाटत होता.

अक्का माझी थोरली बहीण. निकालाची तार आली तेव्हा अप्पांनी आळीभर पेढे वाटले. पण तिने मुंबईच्या कॉलेजचे नाव काढले की ते प्रसन्नपणे म्हणत, “बघू.” नकार असता तर त्याच्याशी भांडता आले असते, ‘बघू’शी कसे भांडावे? इकडे पावसाळ्यासाठी बोटी बंद व्हायला आठवडा उरलेला, कॉलेज उघडणार जूनमध्ये, आणि घाटातून मोटारीने मुलीला पाठवणे आमच्या घरात कोणाच्या स्वप्नातही नव्हते. बोट चुकली की वर्ष बुडणार होते, आणि राजापूरचे स्थळ तर दाराशी येऊन बसलेच होते. अक्काला हे सारे ठाऊक होते.

त्या वर्षीचे शेवटचे व्याख्यान स्त्रियांच्या उच्च शिक्षणावर होते. प्राध्यापक मनापासून बोलले. कॉलेजात मुलींना कोणते विषय घेता येतात, पुढे अध्यापन, वैद्यक अशा कोणत्या वाटा आहेत, हे त्यांनी उलगडून सांगितले, आणि अखेरीस मागच्या जाजमाकडे पाहून म्हणाले, “येथे कोणी मॅट्रिक झालेली, शिकू इच्छिणारी कन्या असेल तर तिने आत्ता उभे राहावे. परवाच्या बोटीने मी सपत्नीक परत जातो आहे. तिला आमच्यासोबत नेण्याची आणि वसतिगृहात जागा मिळवून देण्याची जबाबदारी माझी.”

अक्का उभी राहिली. शेजारच्या काकूंनी तिचा पदर ओढला. “खाली बस गो बाय, समोर अप्पा आहेत.”

“म्हणूनच उभी राहिल्ये,” अक्का म्हणाली.

सगळ्या माना मागे वळल्या. प्राध्यापकांनी हर्षाने विचारले, “ही कोणाची कन्या?”

अप्पा हसले. ते हसणे फार गोड होते, हे मला कबूल केलेच पाहिजे. “माझीच थोरली,” ते म्हणाले. “हार आणायला उठली आहे.”

सभेला कौतुक वाटले. अक्का मग आतल्या खोलीत गेली आणि तबकातला हार घेऊन आली. प्राध्यापकांना काय ते उमगले असावे, कारण त्यांचा चेहरा उतरला. पण पाहुण्याने यजमानाला भरसभेत खोटे कसे पाडावे? त्यांनी मान वाकवून हार घालून घेतला. मग अप्पा समारोपाला उठले. समाजाने आपल्या लेकींच्या पायांतील शृंखला स्वहस्ते तोडल्या पाहिजेत, असे ते म्हणाले, आणि सभागृह टाळ्यांनी दुमदुमले.

मला अप्पांचा राग येतो. ते गेल्यावरही येतो. मुलींनी शिकू नये असे उघड म्हणणारे पुष्कळ जण आमच्या आळीत होते आणि त्यांच्याशी आम्ही दोघी खुशाल तंडत असू. पण जो माणूस तुमची बाजू तुमच्याहून सुंदर मांडतो, टाळ्याही घेतो आणि घरी येऊन निवांत सुपारी कातरतो, त्याच्यापुढे तोंड उघडायचे तरी कोणत्या शब्दांनी? चांगले शब्द तर सगळे त्यांनीच वापरून टाकलेले. मला स्वतःला अप्पांनी पुढे शिक्षिका होऊ दिले, ते राजापूरला अक्काच्या सासरी मुलींची नोकरी मिरवण्याजोगी ठरल्यावर.

तिसऱ्या दिवशी बोट सुटायची होती. पाहुण्यांसोबत हापूसची एक पेटी द्यायचे अप्पांनी ठरवले आणि पेंढा भरून खिळे ठोकून झाल्यावर अक्काला हाक मारली. घरात इंग्रजी अक्षर तिचेच वळणदार होते. ओसरीवर गुडघे टेकून, बोरू काळ्या शाईत बुडवून, तिने फळीवर प्राध्यापकांचे नाव आणि त्याखाली त्यांच्या कॉलेजचे नाव सावकाश लिहिले. शाई ओघळू नये म्हणून वाळेपर्यंत फुंकर घालत बसली. गडी पेटी डोक्यावर घेऊन बंदरावर गेला, पडावाच्या होडीतून ती बोटीवर चढली आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजात पोहोचली.