बाबांचा नकार

माणसाच्या इच्छेचा मान राखावा, असं कोणी शहाणपणानं सांगायला लागलं की माझं डोकं आजही भडकतं. सांगणाऱ्याच्या घरात कोणी जिवंतपणी मेलेलं नसतं.

माझे बाबा मेले होते. म्हणजे ते तसं म्हणत. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. नागभीडजवळच्या आमच्या गावातच मी शाळेत शिकवायची. धानाच्या कापणीच्या सुमारास बाबांना मोठा ताप आला. तो उतरला आणि एका सकाळी ते आईला म्हणाले, "मी मेलो आहो. मले भात कायले वाढतं?"

आम्ही हसलो. मग त्यांनी खाणंच सोडलं. आतडी सडली, रक्त आटलं, मले जाळून टाका, एवढंच बोलत. गाल आत गेले. शेवटी भाऊ म्हणाला, "जाऊ दे, त्याईची मर्जी." त्याला म्हणायला काय जातं! तोंडात घास कोंबायचा आणि थुंकलेला पुसायचा, हे काम त्याच्याकडे नव्हतं.

मी बाबांना नॅरोगेजच्या छोट्या रेल्वेनं नागपूरला नेलं. तिथल्या मनोविकारांच्या डॉक्टरांनी विजेचे झटके सुचवले. माणूस भला, त्यांनी आधी बाबांनाच विचारलं.

"मुडद्याले काय विचारता, साहेब?" बाबा म्हणाले.

पण टेबलावर हातपाय बांधले तेव्हा ते ओरडले, "नाई! मले नको!" आवाज अगदी खणखणीत. डॉक्टर थांबले.

"बाई, ते नको म्हणताहेत. काय करायचं?"

निर्णय माझ्या गळ्यात टाकणाऱ्या त्या भल्या माणसाचा मला भयंकर राग आला.

"जेवायलाही ते नकोच म्हणताहेत," मी म्हटलं. "करा."

काही झटक्यांनंतर बाबांनी स्वतःहून चहा मागितला. घरी आले, बांधावर जाऊ लागले. गावानं मला शाबासकी दिली, भावानंसुद्धा. बाबांनी माझ्या हातचं पाणी बंद केलं. नातीचं बारसं, बैल विकला ते, असं बरंच ते झटक्यांमुळे विसरले होते. बांधल्याचं तेवढं विसरले नाहीत. येईल त्याला सांगत, "पोरीनं मले ढोरावाणी बांधलं."

एकदा मी तोंडावरच विचारलं, "मंग का तुमाले मरू द्याले पाहिजे होतं?"

"थे मले नाई मालूम. पण मी नाई म्हटलं होतं. तुले आयकू आलं होतं का नाई?"

"आलं होतं."

"मंग?"

"मंग काय? आता जेवता ना?"

त्यांनी मी वाढलेलं ताट सरकवलं आणि आईला हाक मारली.

ते पुढं बरीच वर्षं जगले; तोवर माझी बदली लांबच्या शाळेत झाली होती. पुन्हा तशी वेळ आली तर मी पुन्हा 'करा'च म्हणेन, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच शेवटच्या आजारात त्यांनी भावाला बोलावून घेतलं आणि मला कळवू नका, असं बजावलं.