पातळ रक्त आणि मुंगण्याचा पाला

रिपोर्ट पाहिला आणि माझं डोकंच फिरलं. पुन्हा एक पॉइंट सहा. दोनदा डोस वाढवूनही आकडा ढिम्म.

हा आकडा म्हणजे आयएनआर. रक्त गोठायला किती वेळ लागतो, ते त्यावरून कळतं. शेवंताबाईंच्या हृदयात धातूची झडप. त्यांना अडीच ते साडेतीन हवा. कमी राहिला तर झडपेवर गुठळी धरते, आणि ती मेंदूत गेली तर बाई अंथरुणाला खिळणार किंवा जाणार. म्हणून रोज गोळी, आणि अंजनगावातल्या माझ्या दवाखान्यात तपासणी.

"गोळ्या चुकवता ना?" मी तापूनच विचारलं.

"एकबी नाही, मॅडम," त्यांचे यजमान परसरामभाऊ म्हणाले. "घड्याय पाहून मी सोता देतो."

रिकामी पाकिटं त्यांनी पिशवीत आणलीच होती. मोजली. बरोबर निघाली. मी जरा वरमले.

"बाई, जेवता काय?"

"भाकर. अन् हे करून देतात ते."

"काय करून देता, भाऊ?"

"मुंगण्याच्या पाल्याची भाजी. रोज दोन टाइम. सकायी पालकाचा रस."

"काहून?"

"तुमीच तं म्हणाल्या, गोयीनं रक्त पातळ होते. पातळ रक्तानं बाईत ताकद कोठून राहीन? गोयी बंद करता येत नाही. मंग मी पाला देऊन रक्त घट्ट करून रायलो."

मी पेन खाली ठेवलं. मुंगणा म्हणजे शेवगा. अशा हिरव्या पाल्यातलं व्हिटॅमिन के या गोळीच्या नेमकं उलट काम करतं. मी डोस वाढवत होते, भाऊ पाला वाढवत होते. दोघंही बाईंच्या भल्यासाठीच.

त्यांना समजावलं, की रक्त पाण्यासारखं होत नाही, गोळी फक्त गुठळी धरू देत नाही. भाऊंचा चेहरा पडला.

"म्हणजे मीच तिले मारून रायलो होतो?"

"नाही हो. शब्द माझा चुकला."

पाला एकदम बंद केला असता तर वाढवलेल्या डोसनं रक्तस्राव झाला असता. म्हणून झडप बसवणाऱ्या नागपूरच्या सर्जनना फोन केला, डोस ठरवला, दर आठवड्याला तपासणी लावली. भाजी आठवड्यातून दोनदाच, दर वेळी एकच वाटी.

दीड महिन्यानं आकडा आला दोन पॉइंट आठ. भाऊ पाणी आणायला बाहेर गेले, तशा शेवंताबाई हळूच म्हणाल्या, "मले तं हा पाला कधी आवडलाच नाही, मॅडम. पण हे सोता झाडावर चढून तोडत. नाही कसं म्हणू?"



तेव्हापासून मी 'रक्त पातळ करायची गोळी' म्हणत नाही, 'गुठळी न होऊ देणारी' म्हणते. आणि काय खाता हे विचारलं की, कोण करून देतं हेही विचारते.